वरच्या मजल्यावरची रंगीत तालीम

भाऊ आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, ते आधी पुठ्ठ्याचं कपाट घेऊन. खरं कपाट नव्हे हो, कपाटाच्या मापाचा नुसता खोका. तो डोक्यावर धरून हे गृहस्थ आमचा जिना चढतायत, वळणावर अडतायत, खाली येतायत, खोका आडवा करून पुन्हा चढतायत. मी दारात उभी. मला वाटलं, सामान आलं. म्हटलं, "चहा टाकू का?" तर वरूनच म्हणाले, "सामान नाही जी काकू. सामान रविवारी. हे नुसतं करून पाहून राहिलो. पहिल्या खेपेला माणूस चुकतेच."

हे त्यांचं वाक्य. उठता-बसता हेच. दाताच्या डॉक्टरकडे जायचं असलं की आदल्या संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून तोंड उघडून बसायचे, किती वेळ धरवतं ते बघायला. ऑफिसातल्या कुणाच्या लग्नाला साफा बांधायचा होता, तर तो बांधून आमच्याकडे जेवायला आले. घास घेताना तो पुढे घसरतो का, हे त्यांना बघायचं होतं. घसरला. थेट आमटीत.

माणूस अमरावतीकडचा, नोकरी इथं जयपूरच्या झालाना भागातल्या एका ऑफिसात. काम काय, तर आग लागली तर कुणी कुठल्या जिन्यानं उतरायचं त्याच्या तालमी घ्यायच्या. मी एकदा विचारलं, "म्हणजे आग लागते का तिथं?"

"आजवर नाही लागली."

"मग दिवसभर काय करता?"

"लागली असं समजतो."

आम्ही मूळचे साताऱ्याचे. आमचे हे फौजेत सुभेदार होते, शेवटचं पोस्टिंग जयपूरला झालं आणि इथंच वैशाली नगरला घर बांधून राहिलो. हे गेल्यावर वरचा मजला रिकामा पडला. मराठी बोलणारा भाडेकरू मिळतोय म्हटल्यावर मी काही चौकशीच केली नाही. बायको-मुलगी पुण्याला आहेत, वेगळे राहतात, एवढं त्यांनी आपण होऊन सांगितलं. मुलगी आईजवळ. कोर्टानं ठरवून दिलेलं होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दिवस बापाकडे.

पहिल्या उन्हाळ्याच्या आधी एका संध्याकाळी खाली आले, दारात घुटमळले. म्हणाले, "काकू, तुम्ही थोडा वेळ माझी पोरगी होता का?"

मला वाटलं, ऊन लागलं. पण नाही, भाऊ अगदी गंभीर. पोरगी अकरा वर्षांची, पहिल्यांदा एकटी बापाकडे येणार, तिच्यासोबत जे जे करायचं ते आधी एकदा करून बघायचं होतं. आणि त्यासाठी पोरगी पाहिजे होती. मी साठी उलटलेली, गुडघे बोंबलतायत, आणि मला स्कूटरवर मागे बसवून हा माणूस आमेरच्या किल्ल्याच्या चढाला घेऊन गेला. आइस्क्रीमच्या दुकानात पंख्याखालचं टेबल कुठलं, ते मला सगळ्या टेबलांवर बसवून पाहिलं. बागेत म्हणाले, "झोका घ्या नं." घेतला बाई. माळ्यानं हातातलं फावडं ठेवलं आणि बघत बसला.

मग ती आली. दोन वेण्या, पाठीला सॅक, बोलणं अगदी मोजून. सगळं तालमीबरहुकूम पार पडलं. चढ, झोका, पंख्याखालचं टेबल. जाताना शहाण्यासारखी म्हणाली, "थँक यू बाबा. छान झालं." भाऊ तिला सोडून आले ते खूश. "एक चूक नाही झाली काकू. एकही नाही."

दर उन्हाळ्याला हेच. पोरगी वाढत होती, मीही दर वर्षी तिच्या वयाची होत होते. बाराची झाले, चौदाची झाले, दहावीचा निकाल लागला. ती दर वर्षी जाताना तेच म्हणायची, छान झालं. एकदा रिक्षात बसल्यावर तिचा चेहरा मी पाहिला. पाहुण्यांच्या घरून निघालेल्या मुलाचा असतो तसा. सुटले एकदाची, असा. माझ्या मुलांचा बाप वर्षातून एकदा रजेवर यायचा, हा चेहरा मला चांगला ओळखू येतो. पण ते आले की घरात दुसऱ्या दिवशी रडारड व्हायची, पाटी फुटायची, धाकटा चादर डोक्यावरून ओढून रुसायचा, आणि निघायच्या दिवशी गळ्याला मिठी. इथं मिठी नव्हती. मी भाऊंना म्हटलं, "अहो, जरा चुका की तिच्यासमोर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी त्यांना गॅस उघडा ठेवायला सांगत होते. "दहा दिवस आहेत माझ्याजवळ काकू. त्यात चुकलो तर ते पण जातीन."

खरी गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली. दिवाळीत मी फराळाचं ताट वर घेऊन गेले होते. चकली हातातच राहिली आणि बोलायला लागले. पोरीला वाटायचं, आईनं बाबांना घराबाहेर काढलं. तसं काही नव्हतं. ती बाई थांबा म्हणत होती. घरात कुरबुरी होत्या, कुणाच्या घरात नसतात? पोरगी लहान, सारखी आजारी. भाऊंना वाटायला लागलं, आपल्या हातून नीट असं काहीच होत नाही. बदली यांनीच मागून घेतली आणि घरी सांगितलं, ऑफिसनं पाठवलं. मग आज येतो, उद्या येतो करत गेलेच नाहीत. कोर्टकचेरी झाली ती त्यानंतर. पोरीनं एकदा विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "तुझ्या आईला मी नको होतो."

"आणि आईनं काय सांगितलं तिला?"

"काहीच नाही," भाऊ म्हणाले. "तिनं पोरीपुढे मला खोटं नाही पाडलं कधी."

मी फराळाचं ताट तसंच ठेवून खाली आले.

तर पोरगी मोठी झाली. अठरा पूर्ण झाल्यावर कोर्टाचं काही उरलं नाही. मग ती अधूनमधून यायची, दोन-तीन दिवस. शिक्षण झालं, आणि हा आता गेल्या होळीच्या सुमाराचा किस्सा, तिला इथं जयपूरलाच कंपनीत नोकरी लागत होती. भाऊ जिना उतरून धावत आले. चपला उलट्या घातलेल्या. "काकू, पोरगी इथं राहायला येऊन राहिली! इथं! वर!" आईशी तिचं मोठं भांडण झालं होतं. बापाकडेच राहायचं म्हणत होती. फक्त हो म्हणायच्या आधी एकदा येऊन समोरासमोर बोलायचं होतं तिला. फोनवर म्हणाली होती, "बाबा, आईनं तुम्हाला का काढलं, ते मला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. मग मी बॅगा भरते."

भाऊंनी मागची खोली रंगवून घेतली. पडदे आणले. पडद्यांच्या आधी जुन्या चादरी लावून ऊन कुठून येतं ते बघितलं, हे सांगायला नकोच.

ती येणार होती त्याच्या आदल्या दिवशी बासोडा होता. म्हणजे शीतळामातेची अष्टमी. इकडे त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेलं गार खातात. इतक्या वर्षांत मीही करायला लागले. गुळाचे गोड पुए, पुऱ्या, ताकातली बाजरीची राबडी, सगळं करून ठेवलेलं. मला चाकसू गावी देवीच्या जत्रेला जायचं होतं, रेशमी पातळ नेसून मी तयार होते, तेवढ्यात भाऊंनी वर बोलावलं.

"तुमच्या देवीपायी स्वयंपाकाची तालीम बुडाली. निदान बोलण्याची तरी करू. तुम्ही दारातून या, बसा, अन् विचारा."

मी बसले. विचारलं, "बाबा, आईनं तुम्हाला का काढलं?"

भाऊंनी खाकरून सुरुवात केली. "बेटा, काही गोष्टी मोठ्या माणसांत होतात. त्यात कुणाचा दोष काढू नये. तुझ्या आईचा स्वभाव तर तुला माहीतच आहे..."

"थांबा," मी म्हटलं. "हे तुम्ही तिला सांगणार?"

"काहून? यात खोटं काय आहे?"

"खरं काय आहे?"

भाऊ खिडकीकडे गेले. "काकू, इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा आपल्या मनानं राहायला येऊन राहिली. खरं सांगितलं तर ती इथूनच परत जाईन. तुम्हाला समजून नाही राहिलं."

"मला सगळं समजतंय. तिकडं पुण्यात एक बाई बसलीय, तिच्या पोरीला तुम्ही तिच्यापासून तोडताय."

"मी नाही तोडून राहिलो. त्या दोघींचं भांडण आहे."

"कशावरून आहे ते भांडण?"

तेवढ्यात टाकी भरून पाणी वाहायला लागलं, मी पंप बंद करायला खाली निघाले. मनात म्हटलं, आता काही मी वर जात नाही, व्हा तुम्हीच तुमची पोरगी. पण भाऊ मागून म्हणाले, "या लवकर. दारापासून घेऊ पुन्हा."

पंप बंद करून मी मागच्या बाजूनं येते, तर वर घंटा वाजली. मी जिन्याच्या वळणावर पोचले. वरच्या दारात एक निळी बॅग आणि पाठमोरी मुलगी. एक दिवस आधी! दार उघडंच होतं, आणि आत भाऊ खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून आपलं वाक्य घोकत उभे. वळलेच नाहीत. हात हलवत म्हणाले, "लय लवकर वाजवली जी. अशी नाही. परत खाली जा, अन् पुन्हा या."

पोरगी मागे सरली. मग बॅग उचलली आणि खाली उतरायला लागली.

माझ्या समोर येऊन तिनं बॅग खाली ठेवली. "आजी, त्यांच्याकडे माझ्याआधी कोण यायचंय?"

"कुणी नाही गं. मीच. मीच तू होते."

हे तोंडातून निघालं आणि मला कळलं, आपण काय बोललो. तिला मी हाताला धरून घरात आणलं, पाणी दिलं, आणि सगळं सांगितलं. आमेर, झोका, आइस्क्रीम, सगळं. लपवून काय होणार होतं? ती ऐकत होती. भाऊ दारात येऊन उभे राहिले होते.

"म्हणजे दर वर्षी," ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "मी यायच्या आधी माझी ट्रिप होऊन गेलेली असायची. बाबा, माझ्याबरोबर तुम्ही पहिल्यांदा असं काहीच केलं नाही? एकसुद्धा गोष्ट?"

भाऊ म्हणाले, "तुला त्रास नको म्हणून..."

"त्रास झाला तो मला! मला वाटायचं, तुम्हाला माझा कंटाळा येतो. इतके शांत असायचात तुम्ही." मग माझ्या पातळाकडे बघून एकदम म्हणाली, "आजी, तुम्ही कुठे निघालात?"

"चाकसूला. जत्रा आहे."

"चला. बाबा, गाडी काढा."

"मी त्या जत्रेत कधी गेलो नाही बेटा. पार्किंग कुठं, रस्ता कुठं बंद..."

"म्हणूनच."

आता मी मध्ये कशाला, असं मला फार वाटलं. पण पोरीनं माझं नैवेद्याचं ताट उचलून गाडीत ठेवलं होतं. स्कूटरच्या जागी भाऊंनी आता छोटी मोटार घेतली होती; मी मागे बसले, ताट मांडीवर. टोंक रोड त्या दिवशी म्हणजे नुसती माणसं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बायका गाणी म्हणतायत, पायी जाणाऱ्यांच्या रांगा, मध्येच उंटगाडी. भाऊ स्टिअरिंगला असे धरून बसलेले, जणू ते निसटून जाईल. चाकसू जवळ आलं, टेकडीवरचं देऊळ दिसायला लागलं, आणि गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. पुढे ट्रॉली, मागे बस, दोन्ही बाजूंना माणसं.

तेव्हा तिनं विचारलं. समोर बघतच. "बाबा, आईनं तुम्हाला का काढलं?"

भाऊ खाकरले. "बेटा, काही गोष्टी मोठ्या माणसांत होतात. त्यात..."

वरच्या आरशात त्यांचे डोळे माझ्यावर आले. मी काही खूण केली नाही, देवीशप्पथ. मी फक्त बघत होते. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं, मलाही पाठ होतं. ते आलं नाही. ट्रॉलीतल्या बायकांचं एक गाणं संपून दुसरं सुरू झालं.

"नाही काढलं," भाऊ म्हणाले. "तिनं नाही काढलं. मी गेलो. बदली मीच मागून घेतली. ती थांबा म्हणे. मी तिलाही खोटं सांगितलं, तुलाही."

पोरीनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. भाऊ पुढे म्हणाले,

"काहून गेलो, ते मला आजही धड सांगता नाही येत. तू तापानं फणफणलेली असायची, अन् माझ्या हातून औषधाची बाटली फुटायची. असं सगळं. मला वाटे, मी नसलो तर तुमचं दोघींचं नीट चालेन. अन् चाललं पण. मग परत यायची लाज वाटली."

"मी परवा आईला काय बोलले माहितीये?" तिचा आवाज इतका बारीक झाला की मी पुढे वाकले. "म्हटलं, तुझ्यामुळे मला बाप नाही. ती पोळ्या लाटत होती. एक अक्षर बोलली नाही. लाटत राहिली. बाबा, ती तेव्हा सांगू शकत होती ना!"

आणि दार उघडून ती उतरली. गर्दीत शिरली, निळी ओढणी दिसली, मग नाही दिसली.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. या माणसानं आयुष्यभर लोकांना शिकवलं, घाबरायचं नाही, पळायचं नाही, रांगेत चालायचं. ते दार उघडून पळाले. गाडी भररस्त्यात, इंजिन बंद, किल्ली त्यांच्या मुठीत. मागच्या बसवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना.

पोलीस आला. काचेवर काठी वाजवून म्हणाला, "माताजी, गाडी किसकी है?"

"भैया, मेरे किरायेदार की."

"कहाँ गया वो?"

"बेटी के पीछे."

"चाबी?"

"वो भी उसी के साथ गई."

त्यानं कपाळावर हात मारला. मग चार पगडीवाल्यांना हाक मारली, आणि मी ताट घेऊन आत बसलेली असताना त्यांनी गाडी ढकलत ढकलत रस्त्याच्या कडेला लावली. एकजण म्हणतो, "माताजी, ब्रेक पर पाँव मत रखना." मी मागच्या सीटवर! मी त्यांना पुए दिले. आणि तिथून, उसाच्या रसाच्या गाड्याच्या पलीकडे, मला दोघं दिसले.

ती फोनवर बोलत होती. बोलत कसली, रडत होती, हातानं नाक पुसत होती. भाऊ चार हात अंतर ठेवून उभे. जवळ जावं की नाही, ते त्यांना कळत नव्हतं. मग तिनं फोन कानापासून काढला आणि त्यांच्यापुढे धरला. तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण नंतर भाऊंनीच सांगितलं. म्हणाली होती, "आई आहे. मला सांगितलंत ना, आता तिला सांगा, की मला सांगितलं."

भाऊंनी फोन घेतला. मग बोलायला लागले. मान खाली, एक हात हवेत, वाक्य अर्ध्यावर सोडून दुसरं धरतायत, मध्येच थांबतायत. चुकत होते, लांबूनही दिसत होतं.

घरी येताना पोरगी मागे माझ्याजवळ बसली. बापाशी बोलली नाही. रात्री गार पुऱ्या खाल्ल्या, आणि सकाळी पुण्याला गेली. रंगवलेली खोली बघितलीसुद्धा नाही. भाऊ खाली येऊन नुसते बसले. मी म्हटलं, "पस्तावलात का?" म्हणाले, "माहीत नाही जी." एवढंच.

नोकरी तिनं घेतली. पण वर राहायला आली नाही. इथंच मालवीय नगरला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली. महिनाभर बापाकडे फिरकली नाही. मग एका रविवारी आली, जेवली. त्यानंतर येत राहिली, आणि यायला लागली तशी भांडायला लागली. चहा गोड का, पंख्यावर धूळ का, बीपीची गोळी का चुकवली. आणि मधूनच त्या सगळ्यामागचं जुनं वर यायचं. "माझ्या वाढदिवसाला, माझ्या गॅदरिंगला, कशालाच तुम्ही नव्हतात!" असं काहीतरी रागात. भाऊही आवाज चढवायचे. मी खाली भात टाकता टाकता ऐकायची. इतक्या वर्षांत वरच्या मजल्यावरून मला कधी इतका आवाज आला नव्हता.

भाऊ सेवानिवृत्त होऊन अमरावतीला गेले, त्याच्या थोडं आधीची गोष्ट. असंच काहीतरी झालं, कशावरून ते मला आजही ठाऊक नाही, आणि ती दणदणा जिना उतरली. मी दारात होते, माझ्याशीही बोलली नाही. फाटक आपटलं. वरून भाऊ ओरडले, "नको येऊस मग!" आणि ओरडल्यावर स्वतःच इतके घाबरले की आठवडाभर माझ्याकडे येऊन बसायचे, "आता नाही येणार जी ती. मी लय बोललो."

पुढच्या रविवारी ती आली. कुणी बोलावलं नव्हतं. तोंड फुगवलेलंच होतं, आणि हातात कोथिंबिरीची जुडी होती.